गच्चीवर मजला चढवण्याआधी

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी गिरगावातल्या आमच्या इमारतीच्या बैठकीत घरमालकांच्या मुलाने एक प्रस्ताव मांडला. तळमजला आणि वर तीन मजले असलेल्या या इमारतीच्या गच्चीवर त्याला आणखी एक मजला चढवायचा आहे. त्या मजल्यावरची घरे विकून जो पैसा येईल त्यातून संपूर्ण इमारतीची दुरुस्ती करून देण्याची त्याची तयारी आहे, आणि जमलेच तर मागच्या चौकात लिफ्टही बसवता येईल असे तो म्हणाला. बैठक गच्चीवरच होती, त्यामुळे ज्या जागेबद्दल बोलणे चालले होते तिच्यावरच आम्ही सतरंज्या टाकून बसलो होतो. पाच मिनिटांत दोन तट पडले. मी एकतीस वर्षे एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन म्हणून काम केले आहे, हे इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि मालकांचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही सांगाल ते मान्य." मी "बघून सांगतो" म्हणालो. त्या बघण्यात मला जे जे दिसले ते इथे लिहून ठेवतो आहे, कारण गिरगावात, दादरला, माटुंग्याला हाच प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक गच्च्यांवर बसलेला आहे.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. जुन्या इमारतीवर मजला चढवणे हे ऐकताच माझे पहिले मत विरोधाचे होते. जून २०२१ मध्ये मालाडच्या मालवणीत रात्री कोसळलेली इमारत, जिच्यावर परवानगीशिवाय मजले चढवले होते आणि जिच्याखाली लहान मुलेही गेली, ती आठवल्याशिवाय मुंबईत या विषयावर विचार करताच येत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरताना मी आमच्याच जिन्याकडे कामाच्या नजरेने पाहिले आणि इतकी वर्षे न पाहिलेली एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या मजल्यापर्यंत गॅलरीचे कठडे बिडाचे आहेत, वेलबुट्टीचे. तिसऱ्या मजल्यावर मात्र ते साध्या लाकडी पट्ट्यांचे आहेत. विटांचा थरही तिथे बदलतो आणि भिंत एका विटेने बारीक होते. म्हणजे आमचा तिसरा मजला, ज्यावर तीन पिढ्या नांदल्या आणि ज्याला आम्ही मूळ इमारतच समजत आलो, तो केव्हातरी नंतर चढवलेला आहे. मालकांकडच्या कागदांत त्याचे वर्ष सापडले नाही. पण बांधणीवरून तो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा असावा, असे मला वाटते. गावाकडून येणाऱ्या माणसांना जागा हवी होती आणि मालकाला भाडे हवे होते, तेव्हा मजला चढला. गिरगावातल्या कितीतरी चाळी अशाच, एकेका पिढीच्या गरजेप्रमाणे वर वाढलेल्या आहेत. त्यामुळे "जुन्या इमारतीला हात लावू नये" हा युक्तिवाद माझ्यापुरता त्या जिन्यातच संपला.

मग हे वाढणे थांबले कशामुळे? त्याचे उत्तर कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि मालकाला नव्या मजल्यातच काय, जुन्या गळतीतही पैसा घालण्याचे कारण उरले नाही. १९९९ च्या कायद्याने, जो २००० साली अमलात आला, वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण जिथे मूळ भाडेच दोन आकडी आहे तिथे चार टक्के म्हणजे चहाचे पैसे. घरे कोसळू लागली तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आणि त्याच्या खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर आला. त्या वेळी शहर विभागात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. आता त्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. काही पडल्या आणि काहींच्या जागी मनोरे आले. मंडळ दुरुस्ती करते, परंतु चौरस मीटरमागे ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि त्या मर्यादेत बहुधा टेकू, संडासाच्या खोल्यांच्या गंजलेल्या गर्डरची अदलाबदल आणि बाहेरचा गिलावा एवढेच बसते.

दुसरी अडचण एफएसआयची. हा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, मुंबईत १९६० च्या दशकात आला, म्हणजे आमच्यासारख्या इमारती उभ्या राहिल्यानंतर कितीतरी वर्षांनी. १९९१ च्या नियमावलीने शहर विभागासाठी तो १.३३ ठरवला. आमचा भूखंड सुमारे ३,२०० चौरस फुटांचा आहे आणि इमारतीचा प्रत्येक मजला सुमारे २,४०० चौरस फुटांचा. चार मजल्यांचे ९,६०० होतात. म्हणजे आम्ही आजच तीनच्या घरात बसलो आहोत. नियमाच्या भाषेत आमची इमारत आधीच "जास्त" आहे आणि तिच्यावर साधी खोलीसुद्धा वाढवता येत नाही. मात्र तीच इमारत पाडली तर विकास नियमावलीतल्या ३३(७) या विनियमाखाली रहिवाशांच्या पुनर्वसनाचे क्षेत्र आणि वर विकसकाला प्रोत्साहन म्हणून विक्रीचे क्षेत्र मिळते, आणि शेजारपाजारच्या इमारती गोळा करून समूह विकास केला तर ३३(९) खाली चारपर्यंत जाता येते. थोडक्यात, उभ्या इमारतीवर एक मजला नको म्हणणारा नियम, ती इमारत जमीनदोस्त केली तर वीस मजल्यांना हो म्हणतो. इथे रागावण्यापेक्षा त्यामागचे गणित समजून घेणे बरे: रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांचे घर फुकट द्यायचे, तर त्याचा खर्च वर विकलेल्या घरांतूनच निघणार. परंतु या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे दुरुस्ती आणि पाडकाम यांच्या मध्ये, कागदावर काहीच नाही. मालकांचा मुलगा त्या रिकाम्या जागेतून वाट काढायला निघाला आहे, आणि ती वाट अजून अस्तित्वातच नाही, हे त्याला त्याच्या वास्तुविशारदाने सांगितले आहे की नाही याची मला शंका आहे. म्हणून यापुढे जे लिहितो आहे ते "परवानगी मिळाली तर" या गृहीतकावर लिहितो आहे. महापालिका, दुरुस्ती मंडळ आणि इमारत वारसा यादीत असेल तर वारसा जतन समिती, अशी तीन दारे तरी त्याला ठोठवावी लागतील.

बाहेरच्या शहरांनी हे कसे केले ते पाहणे उपयोगाचे आहे. बार्सिलोनात सेर्दा या नगररचनाकाराने १८५९ मध्ये आखलेल्या विस्तारित भागात घरांची उंची मुळात सोळा मीटर ठरली होती. पुढच्या शंभर वर्षांत नियम सैल होत गेले आणि जुन्या घरांवर एक, दोन, कधी त्याहून जास्त मजले चढले. त्यातले बरेच, विशेषतः विसाव्या शतकाच्या मध्यातले, इतके बेढब होते की १९७० च्या दशकात नवा आराखडा करून त्यांना आवर घालावा लागला. अलीकडे त्याच भागात दुसऱ्या पद्धतीचे काम होते: कारखान्यात पोलादी किंवा लाकडी सांगाड्याचे हलके घर तयार करायचे, क्रेनने उचलून गच्चीवर बसवायचे, आणि गच्चीच्या हक्काच्या बदल्यात इमारतीला लिफ्ट आणि दर्शनी भागाची दुरुस्ती करून द्यायची. मालकांच्या मुलाने बैठकीत मोबाइलवर जी छायाचित्रे दाखवली ती बहुधा याच धर्तीच्या घरांची होती. पॅरिसची गोष्ट वेगळी आहे. तिथे जस्ताच्या उतरत्या छपराखाली मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या होत्या, आता त्या जोडून घरे केली जातात. भाड्याने देण्याजोगे घर म्हणजे किमान नऊ चौरस मीटर, असा तिथला नियम आहे. नऊ चौरस मीटर म्हणजे सत्त्याण्णव चौरस फूट. हे वाचून मला हसू आले, कारण आमच्या तळमजल्यावर तेवढ्याच जागेत एक कुटुंब आणि एक शिवणयंत्र होते. इंग्लंडने २०२० मध्ये फ्लॅटच्या इमारतींवर दोन मजले वाढवण्याची वाट सोपी केली, पण ती १९४८ नंतर बांधलेल्या इमारतींसाठी. जुन्या वारशाला त्यांनी त्यातून बाहेरच ठेवले.

या उदाहरणांतले एकही जसेच्या तसे आमच्या वाडीत येऊ शकत नाही. आमच्यासमोरची गल्ली बारा फुटांची आहे आणि तिच्या तोंडाशी पानवाला, इस्त्रीवाला आणि तीन स्कूटर कायमच्या उभ्या असतात. तिथे क्रेन येणार नाही. जे काही वर जाईल ते माणसांच्या खांद्यावरून, जिन्यातून किंवा बाहेर दोर लावून जाईल, म्हणजे त्याचे तुकडे हमालांना उचलता येतील एवढेच असावे लागतील. हीच गोष्ट अग्निशमनाची. गाडी गल्लीत शिरत नाही, जिना लाकडी आहे, एकच आहे, आणि वर आणखी पंधरा माणसे राहायला आणायची असतील तर आधी दुसरा जिना हवा. लिफ्टपेक्षा मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बैठकीत मी हे बोललो तेव्हा कोणालाच ते फारसे रुचले नाही. लिफ्टची हौस सगळ्यांना असते.

आता वजनाकडे येतो, कारण माझा खरा अधिकार तेवढाच आहे.

आमची इमारत आरसीसीची, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची, नाही. बाहेरच्या भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. मध्ये लांबीच्या दिशेने एक जाड भिंत, जिला आम्ही कार्यालयात कणा म्हणत असू. आणि या भिंतींवर टेकलेल्या सागवानी तुळया. गच्ची म्हणजे सागाच्या वाशांवर लाद्या आणि त्यावर चुन्याचा कोबा, म्हणजे ठोकून घट्ट केलेला थर. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आरसीसीचा स्लॅब आणि विटांच्या भिंती घालून, मजला चढवला तर दर चौरस मीटरला साधारण एक टनाहून अधिक वजन येते. गच्चीचा पुढचा भाग मोकळा सोडून, जिना आणि टाकी वगळून, १,५०० चौरस फुटांवर, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटरवर, बांधायचे ठरवले तर हे दीडशे टनांच्या आसपास जाते. हे बोलणेच नको. हलका पोलादी सांगाडा, सिमेंट बोर्डाच्या भिंती, कोरडी फरशी आणि वर पत्र्याचे उष्णतारोधक छप्पर अशा बांधणीचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोपर्यंत खाली आणता येते. त्यात माणसे, सामान, कपाटे यांचे प्रमाणसंहितेनुसार धरायचे दोनशे किलो मिळवायचे. म्हणजे एकूण ५६ टन, आणि खाली पोलादी तुळयांची जाळी घालायची असेल तर आणखी आठ-दहा टन. पाण्याची टाकी वेगळी. माणशी रोज १३५ लिटर धरले तरी पंधरा माणसांचे दोन हजार लिटर होतात, आणि दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. वाढलेली टाकी जिन्याच्या भिंतींवर बसवावी, दुसरीकडे कुठेही नाही.

हे पासष्ट टन कुठून आणायचे? इथे कोब्याची गोष्ट सुरू होते. मुंबईत गच्ची गळू लागली की आपण काय करतो, तर जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतो. जुना फोडायचा तर खालचे घर उघडे पडते, डेब्रिज वाहून न्यायचे पैसे पडतात आणि पावसाळा तोंडावर असतो. म्हणून विटांच्या रोड्यांचा थर, त्यावर सिमेंट, वर चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी, काही वर्षांनी त्यावर पुन्हा तेच, आणि मधेच कोणी डांबर ओतून जातो. हा प्रत्येक थर इमारतीच्या डोक्यावर कायमचा बसतो. पाऊण शतकात अनेक गच्च्यांवर असा एक न दिसणारा मजला चढलेला आहे. त्यात कोणी राहत नाही, इतकेच. हे सगळे फोडून काढले आणि तीन इंचांचे हलके जलरोधन केले, तर जितके वजन उतरेल तितके वर चढवायला निदान कागदावर वाव मिळतो. मी कोबा सहा इंच धरून आकडेमोड केली तेव्हा फक्त तीस-बत्तीस टन उतरत होते. पासष्टला ते निम्मेच. त्यामुळे माझे मत नकाराकडे झुकले होते.

वजन एवढेच पाहून चालत नाही, हेही सांगायला हवे. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येते आणि हलणाऱ्या इमारतीत सगळ्यात वरचे वजन सगळ्यात जास्त त्रास देते. चुन्यातली वीट दाब सोसते, पण बाजूने येणारा धक्का तिला सोसत नाही. हलक्या छपराला तर उलटी भीती. समुद्रावरून येणारा वारा ते उचलून नेऊ पाहतो, तेव्हा ते खालच्या भिंतींना घट्ट बांधावे लागते. ज्या इंजिनिअरच्या हाताखाली मी काम शिकलो ते म्हणत, की जुन्या इमारतीचा आजार वरून विचारू नये, संडासाच्या खोल्यांत जाऊन विचारावा. तिथले गर्डर गंजून फुगले असतील, तर वरच्या मजल्याची चर्चा तिथेच बंद करावी.

आणि एक पेच असा आहे, ज्यावर मी चार रात्री कागदावर रेघा मारल्या. जुन्या वस्तीचे रूप बिघडू नये, तर नवा मजला पुढच्या कडेपासून आत सरकवून बांधावा, असे वारसा जतनाची शिस्त सांगते. मी गल्लीचा छेद काढून पाहिला. कठडा जमिनीपासून पन्नास फुटांवर आहे. दहा फूट उंचीचा मजला दहा फूट मागे घेतला, तर गल्लीत उभ्या माणसाला तो मुळीच दिसत नाही; समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पाहणाऱ्यालाही तो कठड्याआड जेमतेम लपतो, आणि तळमजल्याच्या खिडक्यांना आज जेवढे आकाश मिळते तेवढेच पुढेही मिळते. हे पाहून मला खरोखर आनंद झाला. पण रेघ खाली ओढली तेव्हा लक्षात आले, की दहा फूट मागे घेतलेली पुढची भिंत बरोबर तिसऱ्या मजल्याच्या बैठकीच्या खोलीच्या मध्यावर, सागवानी तुळयांवर येते. डोळ्यांना हवे ते आत, आणि वजनाला हवी ती बाहेरची भिंत. यावर उपाय आहे: बाहेरच्या भिंतीपासून मधल्या कण्यापर्यंत पोलादी तुळया टाकायच्या, त्या जुन्या लाकडाला न शिवता दोन इंच वरून न्यायच्या, आणि नवे घर त्यांच्यावर उभे करायचे. म्हणूनच वर आठ-दहा टन वेगळे धरले. त्या तुळयांची टोके जिथे भिंतीत बसणार तिथे भिंतीतल्या पोकळ्या आधी चुन्याच्या पातळ मिश्रणाने, म्हणजे ग्राउटने, भरून काढाव्या लागतील. सिमेंटने भरू नये; चुन्याच्या भिंतीत सिमेंट घातले की ओल अडकते, हे आमच्या वाडीत अनेकांनी स्वखर्चाने शिकून झाले आहे.

वारशाच्या बाबतीत मुंबई मागे आहे असे नाही. १९९५ मध्येच या शहराने वारसा नियमावली केली आणि इमारतींची प्रतवारी लावली. आमच्यापासून चालत काही मिनिटांवर असलेल्या मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती, फोर्ट भागातल्या गॉथिक इमारतींबरोबर, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. खोताची वाडी तर आमच्या शेजारीच. परंतु २०१२ मध्ये नव्या यादीत शिवाजी पार्कसारख्या वस्त्या घालायचे ठरले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच जोरदार विरोध केला, आणि तो मला समजू शकतो. यादीत नाव आले की बंधने येतात, दुरुस्तीचा पैसा येत नाही. न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर, म्हणजे ते क्षेत्र दुसऱ्या भूखंडावर वापरण्याचा हक्क, मिळतो, तो खर्च होतो दुसरीकडे. जुन्या इमारतीला तिच्याच डोक्यावर, तिच्याच ताकदीएवढे, नीट मागे सरकवलेले थोडे क्षेत्र वापरू दिले आणि त्यातला पैसा तिच्याच पायाशी उतरवणे सक्तीचे केले, तर निदान काही घरमालक पाडण्याऐवजी जपण्याकडे वळतील. सगळे वळणार नाहीत. ज्यांना वीस मजल्यांची स्वप्ने पडतात त्यांना एका मजल्याचा मोह कसा होणार?

गच्ची कोणाची, हा प्रश्न सहकारी सोसायटीत तुलनेने सोपा आहे. १९६३ च्या मोफा या सदनिका-मालकीच्या कायद्याने, मंजूर नकाशे दाखवून घरे विकल्यावर बिल्डरला रहिवाशांच्या संमतीवाचून वर बांधकाम वाढवता येत नाही. आमच्यासारख्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहण्याच्या, इमारतीत मात्र जमीन आणि भिंती मालकाच्या, आतला संसार भाडेकरूचा, आणि गच्ची कागदावर मालकाची असली तरी वहिवाटीने सगळ्यांची. मालकांच्या मुलाने "माझी गच्ची" हा शब्द वापरला तेव्हा पहिल्या मजल्यावरचे आजोबा, जे एरवी बैठकीत बोलत नाहीत, ते म्हणाले, "अरे, तुझ्या वडिलांची मुंज याच गच्चीवर आम्ही उरकली." त्यावर तोही हसला आणि पुढे त्याने तो शब्द वापरला नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विरोध करतील असे मला वाटले होते, कारण धूळ, ठोकाठोक आणि डोक्यावर नवे शेजारी यांचा पहिला त्रास त्यांनाच. त्या मात्र प्रस्तावाच्या सर्वांत मोठ्या समर्थक निघाल्या. दर जूनमध्ये ताडपत्री बांधायची, पलंग सरकवायचा, चार बादल्या मांडायच्या, यात त्यांची चाळीस वर्षे गेली. "वर कोणी राहायला आले तर गळती त्याची, माझी नव्हे," असे त्यांनी सांगितले आणि मेमधल्या उकाड्यातही फरक पडेल हे मीच त्यांना सुचवले, कारण तापणारे छप्पर एक मजला वर जाईल. त्याची झळ नव्या रहिवाशाला बसेल, हे खरे. विरोध आला तो तळमजल्याच्या दुकानदारांकडून आणि पहिल्या मजल्याकडून. त्यांना गळती नाही, लिफ्टची गरज नाही, आणि दोन वर्षे बांबूंची परांची दारात उभी राहणार. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. त्यांच्या वाट्याला काही यायचे असेल तर ते चौथरा, मोरीची आणि संडासाची लाइन, विजेचे मीटर आणि पाण्याची खालची टाकी या कामांतूनच, आणि ही कामे वरच्या मजल्याची पहिली वीट जाण्याआधी पूर्ण झालेली असली पाहिजेत. नंतर करून देतो, या शब्दांवर गिरगावात कोणी विश्वास ठेवू नये. अशाच एका शब्दावर घर सोडून संक्रमण शिबिरात गेलेल्या नातेवाइकांची अवस्था पाहूनच आम्हा भावंडांपैकी दोघे डोंबिवलीला कायमचे गेले.

डोंबिवलीचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. नव्या मजल्यावर साडेतीनशे-चारशे फुटांची चार घरे होतील. ती बाजारात विकली तर कोण घेईल हे आपण जाणतो. माझी मागणी आहे की निदान दोन घरे आधी या इमारतीतल्या मुलांना, ठरलेल्या भावात, देऊ करावीत. आमच्या पिढीत ज्यांची लग्ने झाली त्यांतले निम्मे डोंबिवली, बोरिवली, विरारला गेले. त्याचे कारण १८० फुटांत पोटमाळा घालूनही दोन संसार मावत नाहीत, एवढेच होते. तेव्हा वर एक मजला असता तर माझा धाकटा भाऊ रोज तीन तास गाडीत उभा राहिला नसता. मालकांच्या मुलाने यावर मान हलवली. कबुलीची होती की नुसतीच, ते कळले नाही.

गच्चीचाही हिशेब हवा. पापड-कुरडया आता कमी झाल्या, पण गणपतीच्या आरासाची कामे, कोजागिरी, संक्रांतीचे पतंग, लेझीमची तालीम, दहावीच्या मुलांचा पहाटेचा अभ्यास आणि गेल्या उन्हाळ्यात सलग अकरा रात्री निजलेली सहा माणसे, हे सगळे तिथेच होते. पुढचा दहा फुटांचा पट्टा मोकळा राहील, म्हणजे ६०० चौरस फूट. त्यात कोजागिरी बसेल, लेझीम बसणार नाही. आणि त्या पट्ट्यावर नव्या रहिवाशांची दारे उघडणार असतील, तर तो दोन वर्षांत त्यांचे अंगण होईल. कुंड्या येतील, मग जाळी, मग कुलूप. म्हणून दारे मागच्या बाजूने, नव्या जिन्यावर उघडावीत, असे मी नकाशात दाखवले आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही शेवटी जे आधी करायला हवे होते ते केले. काकूंच्या मधल्या खोलीच्या बरोबर वर, फूटभर चौरसाचा खड्डा छिन्नी-हातोड्याने तळापर्यंत खोदला. मालकांच्या मुलाने नेमलेला तरुण इंजिनिअर आला होता. त्याने पट्टी धरली. वर चिनी तुकडे, खाली सिमेंट, विटांचे रोडे, डांबराची काळी रेघ, पुन्हा सिमेंट, पुन्हा रोडे आणि सर्वांत खाली पिवळट, घट्ट, मूळ चुना. नऊ इंच. माझा सहा इंचांचा अंदाज साफ चुकला होता, आणि चुकला होता तो आमच्या बाजूने. संपूर्ण गच्चीवर नऊ इंच म्हणजे जवळजवळ शंभर टन; तीन इंचांचे नवे जलरोधन वजा केले तर पासष्ट टन उतरत होते. इंजिनिअरने मोबाइलवर आकडेमोड केली, माझ्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली आणि दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. मालकांच्या मुलाने तिथल्या तिथे कोणाला तरी फोन लावला.

मग मी खड्ड्यात वाकून लादी थोडी बाजूला सारली आणि खालच्या वाशावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो बोटभर आत गेला. दुसऱ्या जागी टेकवला. तिथे ठणठणीत लागला. तिसऱ्या जागी, भिंतीजवळ, पुन्हा आत गेला आणि ओला भुसा घेऊन बाहेर आला. अशा किती वाशांची टोके भिंतीत कुजली आहेत हे सगळा कोबा काढल्याशिवाय कळणार नाही, आणि सगळा कोबा काढायचा तर पावसाळ्यानंतरच. इंजिनिअरने वहीत वाशांना क्रमांक दिले आणि ऑक्टोबरची तारीख लिहिली. काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी नऊ इंचांबद्दल काही विचारले नाही. खड्डा आजच बुजवणार की उद्या, एवढेच विचारले. आम्ही तो संध्याकाळी सिमेंटने बुजवला आणि वर ताडपत्रीचा तुकडा टाकून चार विटा ठेवल्या.